दातांवरील दोन पांढरे डाग



खेड्यातील शाळेत एखादा मुलगा गाल धरून बसलेला दिसला, की 'दाढेला कीड लागली' असे म्हटले जाते. लवंगेचे तेल लावून पाहतात, दोन दिवस शाळा बुडते आणि अखेर दाढ काढावी लागते. वस्तुतः दातात किडा शिरत नसतो. गोड व पिठूळ पदार्थांचे कण दातांवर चिकटून राहतात. तोंडातील सूक्ष्म जंतू त्यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळविते. लाळ ही झीज सतत भरून काढीत असते. भरपाईपेक्षा झीज अधिक होऊ लागली, की दंतक्षयाला प्रारंभ होतो.

या प्रारंभाची खूण म्हणजे बहुधा हिरडीलगत उमटणारा, खडूसारखा निस्तेज पांढरा डाग. तो दुखत नाही, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. परंतु दात वाचविण्याची खरी वेळ हीच असते. कवच अजून फुटलेले नसते आणि गेलेले क्षार परत भरून येऊ शकतात. एकदा खड्डा पडला, की तो आपोआप भरून येत नाही.

ही भरपाई घडवून आणण्यास फ्लोराइड साह्य करते. त्याच्या सान्निध्यात कवचात परत बसणारे क्षार आम्लाला अधिक दाद देत नाहीत. यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला घरचा : फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. दुसरा मार्ग दंतवैद्याकडचा : ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश दातांवर लहानशा ब्रशाने लावतात. त्यास काही मिनिटेच लागतात, सुई वा यंत्र लागत नाही. सामान्यतः दर तीन ते सहा महिन्यांनी हा लेप पुन्हा द्यावा लागतो. खड्डा पडलेल्या दातातील क्षय थोपविण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावणही वापरतात. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांस आधीच सांगावयास हवे.

तथापि फ्लोराइडची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली आलेले दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना अनेक रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइड हे त्याचे कारण असल्याचे १९३१ साली उघड झाले. अल्प प्रमाणात तेच फ्लोराइड दंतक्षय रोखते, हेही पुढे दिसून आले. म्हणून १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते दशलक्ष भागांस एक भाग या प्रमाणात मिसळण्यात आले.

महाराष्ट्रात मात्र यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास मर्यादा १.५ मिलिग्रॅम. जादा फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने हाडे व सांधेही जखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

अशा गावी मुलांच्या दातांवर दुसऱ्या प्रकारचा पांढरा डाग दिसतो. तो एखाद्या दाताच्या हिरडीलगत नसतो. दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर पांढुरक्या रेषा वा ठिपके उमटतात, पुढे ते तपकिरीही होतात. दात जबड्यात घडत असतानाच हा दोष शिरतो, म्हणून तो घासून जात नाही. 'दात घासत नाहीस' म्हणून त्या मुलास वर्गात बोल लावणे अन्यायाचे आहे. त्या मुलीने हसताना तोंडावर हात ठेवावा, यात दोष तिचा नसून गावच्या पाण्याचा आहे.

म्हणून कामाची वाटणी स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीने प्रत्येक विहीर व हातपंपाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, फ्लोराइडचा आकडा गावास कळवावा आणि सदोष स्रोतावर 'पिण्यास अयोग्य' असे ठळक लिहावे. शिक्षकांनी मुलांचे दात उजेडात पाहावेत. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. ती दुधाचीच समजून तिची हेळसांड होते, हे पालकांस सांगावे. मशेरीने दात बळकट होतात हा समजही दूर करावा. जादा फ्लोराइडच्या गावात कोणता उपचार द्यावा, हे पाण्याचा आकडा पाहून दंतवैद्यानेच ठरवावे.

पहिला डाग वेळीच ओळखला तर दात वाचतो; दुसरा ओळखला तर त्या गावात पुढे जन्मणाऱ्या मुलांचे दात वाचतात. दोहोंसाठी आरंभी लागते ती केवळ डोळसपणे पाहण्याची सवय.