विहीर ‘धावते’ तेव्हा

इंग्रजीचे पहिले पुस्तक उघडले की मुलाला जे दहा-वीस शब्द भेटतात, त्यांत ‘रन’ हा एक असतो. गुरुजी फळ्यावर लिहितात, ‘रन म्हणजे धावणे’. मुले एका सुरात म्हणतात, वहीत उतरवून घेतात. इथवर सारे ठीक. पण हाच मुलगा पुढे दहावीला जातो आणि उताऱ्यात वाक्य येते, ‘द वेल हॅज रन ड्राय.’ तो बिचारा पाठ केल्याप्रमाणे लिहितो, ‘विहीर कोरडी धावली.’ वर्ग हसतो, आणि इंग्रजी आपल्यासाठी नव्हेच अशी त्याची समजूत होऊन बसते. वास्तविक ज्याच्या घरची विहीर दर चैत्रात आटते, त्याला हे वाक्य सगळ्यांच्या आधी कळायला हवे होते!

आता या ‘रन’चा पसारा पाहा. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. २०११ साली ‘रन’ने त्याला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! इतके कोण पाठ करणार? करूही नयेत. शब्दाचा शेजार पाहावा, म्हणजे अर्थ आपोआप उलगडतो.

शेजारी नदी असली तर ‘रन’ म्हणजे वाहणे. सर्दी झालेले नाक असले तरी वाहणेच. शेजारी दुकान असेल तर चालवणे. रस्ता असेल तर जाणे: आपणही म्हणतोच की, हा रस्ता नदीकाठाने जातो. नव्या लुगड्याचा रंग पहिल्या धुण्यात ‘रन’ झाला, म्हणजे तो गेला. गोठ्यातल्या वैरणीपाशी ‘रन आउट’ आले तर वैरण संपली. तिथे क्रिकेट शोधू नये. निवडणुकीची गंमत तर निराळीच. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. इंग्लंडात तो आपल्यासारखाच उभा राहतो. निवडून आल्यावर कोण किती धावतो, तो प्रश्न वेगळा!

हा इंग्रजांचाच विक्षिप्तपणा, असे मात्र समजू नका. आपले ‘लागणे’ घ्या. मुलाला भूक लागते, भाकरी व्हायला वेळ लागतो, कालवण तिखट लागते, ठसका लागतो. जेवून जरा टेकला की डोळा लागतो. वाटेत ठेच लागते, झाडाला फळ लागते, थोरल्या भावाला नोकरी लागते, आणि पाहुण्याला आपण विचारतो, ‘ते तुमचे कोण लागतात?’ यांतला एकही अर्थ कोणी आपल्याला पाठ करायला लावला नव्हता. आईच्या तोंडची वाक्ये ऐकली, शेजारचे शब्द ओळखले, झाले! हीच अक्कल खेड्यातला मुलगा घरून घेऊन येतो. इंग्रजीच्या तासाला आपण ती वर्गाबाहेर ठेवायला लावतो, एवढेच.

तेव्हा गुरुजी, उद्या ‘रन म्हणजे धावणे’ लिहाल, तेव्हा खाली थोडी जागा मोकळी सोडा. वाचनात ‘रन’चे नवे वाक्य भेटले की मुलांनीच ते अख्खे तिथे उतरवावे. पण त्याआधी त्यांच्याकडून ‘लागणे’ची वाक्ये काढून घ्या. तास पुरायचा नाही.