रक्तातील वाढीचे वाहक
(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या दिवाळीत एका आप्ताने नातवाच्या रक्ततपासणीचा कागद आमच्यापुढे ठेवला. मुलगा वर्गात सर्वांत ठेंगणा, आणि कागदावर ‘आयजीएफ-१’ नावाचा आकडा कमी. “गुरुजी, उंची वाढविण्याची पूड बाजारात मिळते, ती आणावी काय?” आम्ही वैद्य नव्हे, तथापि वाचून जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

मस्तकातील पोष ग्रंथी वाढीचा हुकूम सोडते. परंतु हाडे वाढविण्याचे काम पुष्कळसे दुसऱ्याच द्रव्याकडून होते, हे १९५७ साली अमेरिकेत सॅल्मन व डॉघडे यांच्या प्रयोगांतून ध्यानात आले. तोच हा वृद्धिघटक. रक्तातील त्याचा बहुतेक साठा यकृतातून येतो.

तो रक्तात सहसा एकटा हिंडत नाही. सहा बंधक प्रथिने त्यास धरून असतात. त्यांतील तिसरे प्रमुख; त्याच्या जोडीस आणखी एक प्रथिन आले की तिघांचे गाठोडे रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहजी बाहेर पडत नाही. मोकळा घटक काही मिनिटांतच ओसरतो, गाठोड्यातला कित्येक तास टिकतो. शेकडा एकाहूनही कमी भाग मोकळा असतो, आणि ते बरेच. सगळा एकदम सुटला तर रक्तातील साखर धोक्याइतकी उतरेल. पोत्यात शिवलेली ज्वारी सांडत नाही, तशी शिजतही नाही! ही शिवण उसवणारी विकरे शरीरातच असतात.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. आईवडील खडी फोडावयास जात. घरी मिलो, कामावर सुकडी. कवायतीच्या रांगेत आम्ही सर्वांत पुढे, आणि “याचे हाडच बुटके” हा शेरा ठरलेला. उपासमारीत पोष ग्रंथीचा हुकूम उलट वाढतो, पण यकृत तो मानीत नाही. घटक घटतो, आणि पहिले बंधक प्रथिन वाढून उरलासुरलाही अडवून धरते. वाढ थांबवून शरीर जीव राखते. पुढे शिक्षक झाल्यावर तोच शेरा आम्हीही कित्येक मुलांवर मारला. त्याची खंत आज वाटते.

आप्तांस आम्ही पूड आणू दिली नाही. असला आकडा वय पाहूनच वाचावा लागतो, म्हणून बालरोगतज्ज्ञाकडे पुन्हा जाण्यास सांगितले. मुलगा रोज उपाशीपोटीच शाळेच्या गाडीत बसतो, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीकडून कळले. डॉक्टरांना नेमके तेवढेच सांगावयाचे राहिले होते.