कोपीवरचा शिधा

मार्च 2020 च्या टाळेबंदीत बीड-नगरकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात अडकले. आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्ची पडलेली, सोबत आणलेली बाजरी तळाला गेलेली, शिधापत्रिका गावाकडची. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की उसाच्या शेंड्यांचे वाढे बंद. म्हणजे बैलांचा चारा गेला, आणि वाढे विकून येणारे मीठ-मिरचीचे पैसेही. तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पीठ, डाळ, तेल पोहोचवले. परतीची परवानगी शासनाने 17 एप्रिलला दिली.

अशी मदत करायची तर आधी कोपीवरच्या बाईला विचारा, पीठ हवे की पेंड? दावणीला बैल उपाशी असला तर तिच्याही घशाखाली घास उतरत नाही. शिधा थेट तिच्या हाती द्या. तो उचलीच्या हिशेबात जाता कामा नये.