धुराची पावती वाचावी कशी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला एखादे संतचरित्र किंवा बालसंगोपन असा विषय असतो, अशी आपली सवय. कार्यकारी मंडळाने यंदा मला मोटारीच्या धुरावर बोलायला सांगितले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना मोटारीचे यंत्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, हे एक कारण. दुसरे कारण, आमच्या शेजारच्या वहिनींची मोटार धूर-तपासणीत एकामागून एक तीनदा नापास झाली, आणि तिची हकीकत आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर अर्धीमुर्धी आलेली आहे. ती पुरी सांगावी, म्हणजे इतरांचेही पैसे वाचतील.

वहिनी डबे पोचवतात. गाडी पेट्रोलची, २००७ सालची. धुराच्या प्रमाणपत्राशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. डब्यांच्या धंद्यात दहा हजार म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. एका हितचिंतकाने सुचवले की थोडे जास्त पैसे टाकले म्हणजे गाडी न नेताच पावती मिळते. वहिनी म्हणाल्या, “पावती मिळेल हो, पण धूर कुठे जाईल?” त्यांच्या बोलण्यात अर्थ होता. रोज सकाळी डबे भरताना ती गाडी आमच्या अरुंद बोळात चालू उभी असते आणि समोरच बालवाडीची खिडकी आहे. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तर तो जीवच घेतो.

आता पावतीकडे वळू. बहुतेकजणी ‘पास’ की ‘नापास’ एवढेच पाहतात आणि ती कप्प्यात ठेवून देतात. खरी माहिती आकड्यांत असते. पेट्रोल गाडीच्या पावतीवर दोन आकडे मुख्य. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचा, दशलक्षांश भागांत. वहिनींच्या गाडीसारख्या, भारत स्टेज दोन किंवा तीनच्या मोटारींना मर्यादा अनुक्रमे ०.५ आणि ७५० अशी आहे. भारत स्टेज चारच्या गाड्यांना ती ०.३ आणि २०० इतकी कडक आहे.

हे आकडे कशाने वाढतात? शेगडीची ज्योत निळी असली म्हणजे आपण निर्धास्त असतो. ती पिवळी पडली, पातेल्याचे बूड काळे होऊ लागले, की बर्नरची भोके तुंबली, हवा कमी पडते आहे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंजिनाचेही तेच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हवा कमी किंवा पेट्रोल जास्त झाले की जळण अर्धवट राहते आणि पहिला आकडा वाढतो. दुसऱ्या आकड्याची गोष्ट निराळी. ठिणगीच पडली नाही, तर पेट्रोल जळल्यावाचून तसेच बाहेर पडते. प्लग झिजलेला असतो, तार खराब असते, किंवा झडप नीट बसत नसते. म्हणजे पहिला आकडा मिश्रणाकडे बोट दाखवतो, आणि पहिला ठीक असून दुसराच वाढला असेल तर बहुधा ठिणगीकडे.

वहिनींच्या पहिल्या पावतीवर आकडे होते १.९ आणि ४२०. दुसरा आकडा मर्यादेच्या आत होता. तरी गॅरेजमध्ये काय बदलले? प्लग! जो आकडा बिघडलेला नाही त्याच्यावर उपचार झाला. दुसऱ्या तपासणीत अर्थातच नापास. मग हवेची जाळी बदलली. ती खरोखर धुळीने भरलेली होती. आकडा १.६ वर आला, पण तिसऱ्यांदाही नापास. तेव्हा मिस्त्री म्हणाला, “आता कन्व्हर्टर टाका.”

कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीतली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा लेप असतो. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले ते या जाळीकरताच, कारण शिशाने तो लेप निकामी होतो. उरलेल्या विषारी वायूंचे रूपांतर ही जाळी करते. पण ती सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. शिवाय, इंजिनातून सतत न जळलेले पेट्रोल येत राहिले तर ते तिच्यातच पेटते आणि जाळी वितळूनही जाते. म्हणून कन्व्हर्टर मेला असेल तर आधी त्याला कोणी मारले हे शोधावे. नाही तर नवाही त्याच वाटेने जायचा. आणि हा भाग चांगला महाग.

मी वहिनींना म्हटले, “चार दिवस थांबा. गाडी चालवताना फक्त तापमानाचा काटा बघत जा.” दिवस थंडीचे होते आणि नाशिकची थंडी तुम्ही जाणताच. त्यांनी सांगितले, गंगापूर रोडवरून पार नाशिकरोडला पोचले तरी काटा तळाशीच! इथे घोडे पेंड खात होते. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आदल्या उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून एका गॅरेजमध्ये ती काढूनच टाकली होती. “आपल्याकडे उकाडा, हिची गरज काय?” हा समज इकडे फार पसरलेला आहे, आणि तो अगदी चुकीचा आहे. इंजिन सदा थंड राहिले की त्यातला संगणक समजतो, गाडी आत्ताच सुरू झाली आहे. मग तो पेट्रोल जास्त सोडतो. धूरही पुरेसा तापत नाही, म्हणून जाळीही अर्धवट काम करते. वहिनी पेट्रोल जास्त लागते म्हणत होत्या, त्याचाही उलगडा झाला.

झडप काही शे रुपयांत आली. पण तेवढी बसवून भागले नसते, कारण गाडी मुळात तापत का होती हा प्रश्न उरतोच. रेडिएटर मातीने आणि गंजाने तुंबला होता. तो साफ करून घेतला, नाही तर चैत्रात पुन्हा वाफा निघाल्या असत्या. नंतर वहिनींनी गाडी वीस मिनिटे चालवून, काटा मध्यावर आल्यावर, तशीच गरम गरम तपासणीला नेली. आकडे आले ०.३ आणि १४०. कन्व्हर्टर जुनाच होता.

अर्थात प्रत्येक गाडीला हेच औषध नाही. काटा ठीक असून पहिला आकडा वाढला असेल तर प्राणवायूचा सेन्सर किंवा गळणारा इंजेक्टर तपासावा. कोणाकडे अजून कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर चोक अडकला नाही ना हे प्रथम पाहावे. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे, आणि ते काम मोठे. एक सूचना मात्र ठासून करते. नळीचा सांधा सैल करून बाहेरची हवा आत मिसळू दिली की आकडा उतरतो, असे सुचवणारे भेटतात. त्याने यंत्र फसेल, पण तोच धूर मग गाडीखालून आत शिरेल.

जुन्या गाड्यांचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, भारत स्टेज चार आणि पुढच्यांचे वर्षभर. तेव्हा नापास झाल्याच्याही पावत्या फेकू नका, तारखेवार लावून ठेवा. आज ज्यांनी आणल्या असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्याव्यात, मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसणार आहे. चष्मा आणला आहे.