मोर्व्हाँच्या रानात सायकलवर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



लग्नानंतर मी सायकलला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी मुलीकडे फ्रान्सला गेले, तेव्हा तिने साठीच्या आईला डोंगरी सायकलवर बसविले! जाड टायरांच्या या सायकलीला तिकडे 'वेतेते' म्हणतात.

बर्गंडीतल्या मोर्व्हाँच्या डोंगरांत बीच आणि ओकची दाट राने आहेत. चढ आला की मी निमूटपणे उतरून सायकल ढकलीत असे. उतारावर मात्र जीव मुठीत! "आई, ब्रेक एकदम दाबू नकोस, नजर पुढे ठेव," असे मुलगी सांगे. 821 मीटर उंचीच्या ब्यूव्रे डोंगरावर गॉल लोकांच्या बिब्राक्त नगरीचे अवशेष आहेत. इ. स. पूर्व 52 मध्ये सीझरशी लढण्यासाठी व्हर्सिंजेटोरिक्सचे सेनापतिपद तेथेच कायम झाले.

पण मनात घर करून राहिले ते आलिन्यी गावचे, 2016 साली उघडलेले दायांचे संग्रहालय. एकोणिसाव्या शतकात इथल्या गरीब बाया पॅरिसला श्रीमंतांच्या बाळांना दूध पाजायला जात, आपले तान्हे मागे ठेवून. मला पुढे पाहवेना. नोकरीपायी मीही हिला वर्षाची असताना आजीकडे ठेवले होते. इतकी वर्षे न काढलेला तो विषय मी बाहेरच्या बाकावर काढला. ती म्हणाली, "मला आजीची माया आठवते, आई. राग नाही आठवत."

परतताना उतारावर मी ब्रेक पुष्कळच कमी दाबला.