पाखरांचा हजेरीपट

कॉलेजात कोणाकोणाची हजेरी लागते? विद्यार्थ्यांची लागते, प्राध्यापकांची लागते, फाटकावरच्या पहारेकऱ्याचीही लागते. पण पहिल्या तासाची घंटा व्हायच्या कितीतरी आधी जे आवारात हजर असतात, त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. आज मी बोलणार आहे ते या मंडळींबद्दल, म्हणजे कॉलेजच्या आवारातल्या पाखरांबद्दल.

पक्षी पाहायचे तर भरतपूरला किंवा नांदूरमध्यमेश्वरला जायला हवं, असा आपला समज असतो. जरूर जावं, ती ठिकाणं सुंदरच आहेत. पण तिथे आपण एखाददुसरा दिवस पाहुणे म्हणून जातो. कॉलेजचं तसं नाही. तोच मुलगा किंवा मुलगी त्याच वाटेनं तीन-चार वर्षं रोज ये-जा करते. त्याच झाडाखाली सायकल लावते. एक जागा सगळ्या ऋतूंत पाहण्याची अशी संधी आयुष्यात पुन्हा क्वचितच मिळते.

शिवाय जुन्या शिक्षणसंस्थांकडे जी जमीन आहे, ती आज शहरात दुर्मीळ झाली आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचंच घ्या. १९४९ साली हे विद्यापीठ सुरू झालं ते गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानाच्या आवारात. सुमारे ४११ एकरांचा हा परिसर. भोवती शहर दाटत गेलं, आत जुने वड उभे राहिले. १८८५ साली स्थापन झालेल्या फर्ग्युसन कॉलेजच्या पाठीशी तर अख्खी टेकडी आहे. पाखरांच्या दृष्टीनं ही आवारं म्हणजे सिमेंटच्या समुद्रातली बेटंच.

या बेटांवर कोण कधी येतं, ते थोडं पाहू. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस-पांगारा फुलला की त्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी मैना परतीच्या प्रवासाआधी फुलांतल्या मधावर ताव मारतात. याच सुमाराला 'टुक् टुक् टुक्' असा ठोका ऐकू येतो. तो तांबट. मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळ आणि छाती लाल. वाळक्या फांदीत किंवा खोडात चोचीनं कोरून तो घर करतो. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेच्या खिडकीतून 'कुहू' येतं ते कोकीळ नराचं. कवी काहीही म्हणोत, मादी गात नाही. ती ठिपकेदार अंगाची, नुसतं 'किक्-किक्' करणारी. तिचं सारं लक्ष कावळ्याच्या घरट्याकडे. खेळाच्या मैदानाच्या कडेला टिटवी खड्यांतच अंडी घालते. ती इतकी खड्यांसारखी दिसतात, की पाय पडेपर्यंत कळत नाहीत. आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात, शेपटी खालीवर हलवत एक सडपातळ पाखरू ओल्या जागेत चालताना दिसतं. तो करडा धोबी. हिमालयातून तो आला, की थंडीच्या पाहुण्यांची सुरुवात झाली असं समजावं.

श्रोतेहो, आपण रेडिओ ऐकता, म्हणजे पक्षिनिरीक्षणाची निम्मी तयारी आपली झालेलीच आहे. कारण दाट झाडीत पाखरू आधी कानाला सापडतं, मग डोळ्याला. बोटभर लांबीचा शिंपी पानांआड दिसत नाही, पण त्याचा चढा, एकसुरी आवाज साऱ्या बागेत घुमतो. दृष्टी नसलेला विद्यार्थीही या छंदात मागे राहण्याचं कारण नाही.

आता मुद्द्याकडे येतो. एखादी तपासणी समिती यायची असली, की कॉलेजात साफसफाईची लाट येते. गवत कापलं जातं, कोपऱ्यातली झुडपं तोडली जातात, वठलेलं झाड तर पहिल्यांदा जातं. त्या जागी फरशी बसते, कुंड्या येतात. आपल्याला ते नीटनेटकं वाटतं. पण तांबटाला कोरायला वाळकं लाकूडच लागतं. त्यानं सोडलेली ढोली पुढे दुसऱ्याच्या उपयोगी पडते. दयाळ, साळुंकी, पिंगळा यांना स्वतः भोक कोरता येत नाही. त्यांना ते तयार मिळावं लागतं. एक वठलेलं झाड गेलं, की अशी चार-पाच बिऱ्हाडं उठतात, आणि उठलेली आपल्याला दिसतही नाहीत.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका कॉलेजात ग्रंथालयामागे असाच वठलेला पांगारा होता. तो काढायचं ठरलं. काही मुलं प्राचार्यांकडे गेली, पण घोषणा घेऊन नाही, एक वही घेऊन. तीत तीन वर्षांच्या तारीखवार नोंदी होत्या. पहिल्या वर्षी तांबटाच्या जोडीनं ढोली कोरली, दुसऱ्या वर्षी तीत दयाळाची पिल्लं झाली, वरच्या पोकळीत पिंगळे राहतात, असं सारं लिहिलेलं. प्राचार्यांचाही मुद्दा खरा होता. ते म्हणाले, "फांदी कोणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण?" अखेर धोक्याच्या फांद्या उतरवल्या, खोड तसंच ठेवलं आणि भोवती कुंपण घातलं. मुलांनी नुसतं 'झाड वाचवा' म्हटलं असतं, तर ही वाट निघाली असती असं मला वाटत नाही. वहीमुळे बोलणं मुद्द्यावर राहिलं.

अशा वह्यांचं मोल केवळ एका झाडापुरतं नसतं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्याचा पाया आहे सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदी. यांतले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोक. कोकीळ आणि मोर वाढत आहेत, पण तारांवर बसणारा आपला नीलपंख घटतो आहे, हे अशा नोंदींतूनच कळलं. मोकळ्या माळावर जगणारे पक्षी अधिक अडचणीत आहेत. साधा पक्षी कमी झाला हे सांगायलाही, तो पूर्वी किती होता ते कोणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षिगणना होते. २०१३ पासून भारतीय पक्षिनिरीक्षक तिच्यात भाग घेतात आणि २०१५ पासून तिचाच भाग म्हणून 'कॅम्पस बर्ड काउंट' होतो. कृती सोपी आहे. किमान १५ मिनिटं पाहायचं, दिसलेली आणि ऐकलेली प्रत्येक जात व तिची संख्या लिहायची. कावळा-पारवाही वगळायचा नाही. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. सुरुवातीला तोही मुहूर्त चांगला.

"पण मी तर वाणिज्य शाखेचा," असं कोणी म्हणेल. सालिम अलींचंच उदाहरण पाहा. ब्रह्मदेशातून परतल्यावर ते मुंबईत दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत होते. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. सकाळचे तास दावरला करून ते झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकायला जात. १९४१ साली आलेल्या त्यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'नं पुढे कित्येक पिढ्यांना पक्षी ओळखायला शिकवलं.

आपल्याला फार काही लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर एक वही आणि पेन्सिल पुरे. सकाळी लवकर, ठरलेल्या वाटेनं, आठवड्यातून एकदा तरी फिरा. घरट्याच्या फार जवळ जाऊ नका. मोबाइलवर आवाज वाजवून पाखरांना फसवू नका, विणीच्या दिवसांत त्यांची ओढाताण होते. आणि प्राचार्य, विश्वस्त मंडळींपैकी कोणी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. आवाराचा एखादा कोपरा गवतासकट, पाचोळ्यासकट तसाच राहू द्या. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या मुलांना वहीत लिहायला काहीतरी उरलेलं असावं.