फवारणीचा हंगाम आणि निर्णायक साखळी

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. माणसाच्या उंचीइतके वाढलेले पीक, संरक्षक साधनांचा अभाव, कीटकनाशकांची मिश्रणे अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्याला लागूनच, पण निराळा आहे. फवारणाऱ्याच्या अंगावर कमी तुषार उडतील असा पंप एखाद्या लघुउद्योजकाने योजला, असे समजू. तो जुलैपूर्वी दुकानात येणार की ऑक्टोबरात? हंगाम सरल्यावर आलेला उत्तम पंपही त्या वर्षापुरता निरुपयोगीच होय.

नव्या वस्तूच्या निर्मितीला विलंब का होतो, याचा विचार इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ साली ‘क्रिटिकल चेन’ या ग्रंथात मांडला. त्यास ‘निर्णायक साखळी’ म्हणता येईल. कोणते काम कोणत्या कामानंतर, याचा आराखडा काढण्याची रीत अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीसच रूढ झाली होती. गोल्डरॅट यांनी दोन प्रश्न अधिक विचारले: प्रत्येकाने हाताशी राखून ठेवलेला वेळ जातो कोठे, आणि एकाच माणसाकडे दोन कामे आली तर काय होते?

आपल्या उद्योजकापुढे सहा कामे आहेत: चित्रे पक्की करणे, नोझलचा साचा, टाकीचा साचा, सुटे भाग व जोडणी, दाबाची व गळतीची तपासणी, आणि बांधणी करून विक्रेत्यांकडे रवानगी. प्रत्येक जण बोल लागू नये म्हणून १५ दिवसांच्या कामाला ३० दिवस सांगतो. एकूण १८० दिवस झाले. १ जानेवारीस आरंभ केला तरी जून संपतो, आणि प्रत्यक्षात तेवढ्यातही काम उरकत नाही. मुदत लांब आहे म्हणून आरंभ उशिरा होतो. मार्चअखेरची धावपळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको. लवकर संपलेले कामही पुढे दिले जात नाही, कारण पुढच्या खेपेस मुदत कापली जाण्याचे भय असते. उशीर तेवढा साखळीतून पुढे सरकतो, बचत मात्र वाटेतच जिरते.

यावर उपाय असा की, प्रत्येक कामास १५ दिवसच धरावेत आणि काढून घेतलेल्या ९० दिवसांपैकी निम्मे, म्हणजे ४५ दिवस, सर्वांच्या सामाईक राखीव मुदतीत अखेरीस ठेवावेत. ९० अधिक ४५, असे १३५ दिवस. म्हणजे १५ मेपर्यंत पंप मृगापूर्वी दुकानात. सर्वच कामे एकाच वेळी बिघडत नाहीत, म्हणून सामाईक राखीव थोडी पुरते.

आता साच्यांचे पाहू. कागदावर दोन्ही साचे एकदम सुरू करता येतात. परंतु कारागीर एकच आहे. त्याने नोझलचा साचा १५ दिवसांत व टाकीचा पुढील १५ दिवसांत केला, तर पहिला पंधराव्या दिवशी हाती येतो. दोन्हींच्या तगाद्याने तो एक दिवस हे, एक दिवस ते करू लागला, तर पहिलाही एकोणतिसाव्या दिवशी मिळतो. श्रम तेवढेच, पदरी १४ दिवसांचा विलंब. म्हणूनच साखळी केवळ कामांची नव्हे, तर माणसे व यंत्रे यांचीही धरावी लागते. अनेक फायली एकाच मेजावर उघडून ठेवणाऱ्या कार्यालयांनीही हा हिशेब करून पाहण्यास हरकत नाही.

देखरेखीचे मापही बदलते. कोणाचे काम दोन दिवस लांबले याची विचारपूस न करता राखीव मुदत किती खर्ची पडली हे दर आठवड्यास पाहावे. एक तृतीयांश काम होऊन ४५ पैकी १५ दिवस गेले असतील तर चिंता नको. तेवढ्याच कामात ३० गेले असतील तर मालकाने स्वतः लक्ष घालावे. येथेच ही पद्धत बहुधा फसते. १५ दिवसांचे काम १८ दिवसांत झाले म्हणून कारागिरास दंड केला, तर पुढील वर्षी तो पुन्हा ३० दिवसच सांगेल, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही.

शिवाय कापता येतो तो माणसाने सांगितलेला अंदाज. पिकाचे दिवस कापता येत नाहीत. उंच कपाशीत पंप फिरवून पाहावयाचा तर मार्च-एप्रिलमध्ये तशी कपाशी आणावी कोठून? ती चाचणी आदल्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकलेली हवी, आणि तीही प्रत्यक्ष फवारणी करणाऱ्या मजुराच्या पाठीवर, कीटकनाशकाऐवजी टाकीत साधे रंगीत पाणी भरून, त्याच्या कपड्यांवर डाग कोठे पडतात हे पाहून. पंपासोबतचे मराठी माहितीपत्रक साखळीच्या बाहेरचे काम दिसते. पण ते छापून आले नाही म्हणून तयार पंप गोदामात पडून राहू शकतात. म्हणून त्याचा मजकूर फेब्रुवारीतच छापखान्यात जावा.